उन्हाळा बॅटरीला मारतो आणि कळतं मात्र डिसेंबरात! नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेत. वलगावच्या कोणत्याही गल्लीत उभं राहा, एक आवाज हमखास ऐकू येतो. कुणीतरी सेल्फ मारतं, इंजिन एकदा कण्हतं आणि मग नुसतं 'कट कट कट'. त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज येतो, "धक्का मार रे जरा."

वलगाव म्हणजे अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना दहाएक किलोमीटरवर लागणारं, पेढी नदीकाठचं गाव. संत गाडगेबाबांनी अमरावतीला जाताना, गाडीतच, इथे शेवटचा श्वास घेतला, २० डिसेंबर १९५६ रोजी. त्यामुळे डिसेंबरात गावाची ओळख पुण्यतिथीने होते. पण गावात राहणाऱ्यांसाठी हाच महिना बॅटरी दगा देण्याचाही असतो. कॉलेजचं लेक्चर, दवाखान्यातली ड्युटी, दुकान उघडणं, सगळ्यांसाठी अमरावती गाठायची असते आणि बहुतेकांची भिस्त असते ती मोटरसायकलवर.

आमच्याही घरी हेच झालं. बाबांची गाडी एका सकाळी बंद पडली. दुकानदाराने गाडीकडे न बघताच सांगितलं, "बॅटरी गेली." हजार-बाराशे रुपये देऊन नवी बसवली. विसाव्या दिवशी पुन्हा कट कट कट. मग दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी मीटर लावला, अॅक्सिलरेटर पिळला, आकडा बघितला आणि म्हणाला, "ताई, बॅटरी चांगली हाये. तिले जेवनच भेटून नाई राह्यलं." चार्जिंग करणारा रेग्युलेटर गेला होता. जुनी बॅटरी बहुतेक धडधाकट होती, पण ती तोवर भंगारात पोहोचली होती.

तर मुद्दा असा की बॅटरी खरंच मेलीय का, मेली असेल तर कशामुळे, हे दहा मिनिटांत आणि दोन-तीनशे रुपयांच्या मीटरवर समजतं. वऱ्हाडात तर हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण इथलं हवामान, इथले रस्ते आणि इथली शेती या तिन्ही गोष्टी बॅटरीच्या मुळावर उठलेल्या आहेत.

आधी डब्यात काय असतं ते बघू

मोटरसायकलची बॅटरी शिसे आणि सौम्य सल्फ्युरिक अॅसिडवर चालते. फ्रान्सच्या गॅस्तों प्लान्ते यांनी १८५९ साली ही कल्पना मांडली आणि मूळ रसायनशास्त्र आजही तेच आहे. आत सहा कप्पे असतात. चांगल्या चार्ज असलेला प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा कप्पे मिळून १२.६ व्होल्ट. आपण जिला '१२ व्होल्टची बॅटरी' म्हणतो ती पूर्ण चार्ज असताना बाराच्या वरच असते, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वीज वापरली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्जिंग झालं की तो विरघळतो. पण बॅटरी बरेच दिवस अर्धपोटी राहिली तर हाच थर कडक खडे होऊन बसतो आणि मग कितीही चार्ज करा, निघत नाही. मिस्त्री लोक ज्याला 'सल्फेट पकडलं' म्हणतात ते हेच. म्हणजे बॅटरी एकदम क्वचितच मरते. बहुतेक वेळा ती उपाशी राहून राहून मरते.

दुसरं म्हणजे क्षमता. ती अँपिअर-अवर या मापात मोजतात, छोट्या रूपात एएच. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या गाड्यांमध्ये ती साधारण ३ ते ५ एएच असते, मोठ्या गाड्यांत ८-९ च्या आसपास. ४ एएच म्हणजे किती? ०.४ अँपिअर काढत राहिलात तर दहा तास पुरेल, इतकी. हे फार छोटं भांडं आहे. आपण त्याच्याकडून मागतो मात्र भरपूर.

उन्हाळ्यात नेमकं काय होतं?

अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं आपल्याला नवीन नाही. मे २०२४ मध्ये तर पारा ४५ च्या वर गेल्यावर अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. हा झाला सावलीतल्या हवेचा आकडा. डांबरी रस्त्यावर, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत, काळ्या सीटखाली किंवा इंजिनाशेजारच्या साइड पॅनलच्या आत किती होत असेल, ते सीटवर बसताना तुम्हाला कळतंच.

बॅटरीवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो. साधारण २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. उष्णतेत रासायनिक क्रिया वेगाने होते, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात आणि अॅसिडमधलं पाणी उडतं. सीलबंद 'मेंटेनन्स फ्री' बॅटरीत तर अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ती एकदा कोरडी पडायला लागली की बाहेरून काहीच करता येत नाही.

गंमत अशी की हे सगळं होत असताना उन्हाळ्यात गाडी झटकन सुरू होते. कारण गरम हवेत बॅटरी वीज जोमाने देते आणि इंजिनमधलं ऑइलही पातळ असतं, त्यामुळे सेल्फवर जोर पडत नाही. म्हणजे आतून पोखरली जात असताना वरून ती एकदम ठणठणीत दिसते. मग डिसेंबर येतो, पहाटेचा पारा दहाच्या आसपास घसरतो. ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद थंडीने घटते आणि मे महिन्यात खाल्लेला मार तेव्हा बाहेर पडतो. लोक म्हणतात थंडीने बॅटरी गेली. थंडीने फक्त निकाल लावलेला असतो.

म्हणून बॅटरीची सगळ्यात स्वस्त देखभाल म्हणजे सावली. कडुलिंबाखाली, शेडमध्ये, भिंतीच्या पूर्वेला (दुपारी तिथेच सावली असते), जिथे जमेल तिथे गाडी लावा. कॉलेज किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेडखालच्या जागेसाठी दहा मिनिटं लवकर जाणं हा वेडेपणा नाही.

'आधी किक मारली की सुरू व्हायची, आता काय झालं?'

हा प्रश्न जुन्या गाड्या चालवलेल्या प्रत्येक बाबा-काकांचा असतो आणि तो रास्त आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली तरी किक मारून इंजिन सुरू व्हायचं. बॅटरी फक्त हॉर्न आणि इंडिकेटरपुरती होती. कित्येकांनी तर बॅटरी काढून ठेवून वर्षानुवर्षं गाडी चालवली.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत जळत राहतो, तो बंद करायचं बटणच नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम आले. बीएस-५ गाळून आपण थेट चारवरून सहावर उडी मारली आणि बहुतेक गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी आलं फ्युएल इंजेक्शन. आता पेट्रोल दाबाने पाठवायला टाकीत विजेचा पंप असतो आणि किती पेट्रोल, कधी, हे ठरवायला ईसीयू नावाचा छोटा संगणक. चावी फिरवल्यावर टाकीतून 'ऊंऽऽ' असा दोन-तीन सेकंद आवाज येतो ना, तो हाच पंप.

हे दोघंही बॅटरीवर जगतात. व्होल्टेज फार खाली गेलं की पंप दाब धरत नाही, ईसीयू जागा होत नाही. अशा वेळी गाडीला किक असली तरी बॅटरी पूर्ण मेलेली असताना अनेक गाड्या सुरू होत नाहीत. कित्येक मॉडेल्सना तर किकच नाही. धक्का मारून गिअरमध्ये टाकायची युक्तीही बॅटरीत थोडा जीव असेल तरच चालते, आणि गिअर नसलेल्या स्कूटरला तर ती लागूच पडत नाही.

आणि कृपा करून बॅटरी काढून इंजेक्शनची गाडी चालवू नका. जनरेटरकडून येणारे विजेचे झटके बॅटरी स्पंजसारखे शोषून घेते. ती नसेल तर तेच झटके ईसीयूवर जातात. हजाराची बॅटरी वाचवायला जाल आणि कित्येक पट महागाचा पार्ट जाळून बसाल.

घरबसल्या तपासणी : आधी कान, मग मीटर

मीटर नसेल तरी सेल्फ मारताना काय ऐकू येतं त्यावरून बरंच कळतं.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाहीये? मग बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल, प्लग, इंजेक्शनची दिवटी लागलीय का, हे बघा. आणि सेल्फ अजिबात काहीच आवाज करत नसेल तर आधी किल स्विच. हसू नका. लहान मुलं गाडीवर बसून सगळी बटणं दाबतात आणि मग घरातली मोठी माणसं अर्धा तास गाडी ढकलतात. साइड स्टँड खाली असला की गाडी सुरू न होणारी मॉडेल्सही आता बरीच आहेत.

'कट कट कट' येतंय, हॉर्न घोगरा झालाय, मीटरच्या दिव्या सेल्फ दाबताच मंद होतायत, तर बॅटरीत वीज कमी आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकदाच जोराचा 'टक' येऊन पुढे शांतता आणि हॉर्न मात्र खणखणीत, तर संशय सेल्फच्या मोटरवर किंवा रिलेवर घ्या.

वीज कमी वाटली तरी मीटर काढण्याआधी टर्मिनल बघा. नट हाताने हलतोय का? पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलीय का? आमच्या भागात खड्ड्यांनी नट सैल होतात आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने गंज चढतो. अर्ध्या केसेस इथेच सुटतात, असं मिस्त्री सांगतात आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. काढताना आधी काळी, म्हणजे मायनसची वायर काढायची. लावताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि पाना प्लसवर असताना चेसिसला टेकला तर ठिणगी पडते.

आता मीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. त्याचं बटण डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला. तीनदा आकडा बघायचा.

पहिला आकडा सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. रात्रभर गाडी शांत उभी असली पाहिजे, कारण नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचा आकडा फुगलेला असतो. १२.६ किंवा जास्त असेल तर पोट भरलेलं आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मं, १२ म्हणजे पाव. ११.८ च्या खाली रिकामी. बघा, १२ आकडा दिसला की आपल्याला वाटतं 'बरोबर आहे की, १२ व्होल्टचीच तर आहे'. इथेच सगळे फसतात.

दुसरा आकडा सेल्फ दाबताना. दुसऱ्या कुणाला बटण दाबायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. आकडा खाली येणारच. पण दहाच्या आसपास थांबायला हवा. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फच्या वेळी ८-९ वर कोसळली, तर ती आतून पोकळ झालीय. तिला चार्ज करून उपयोग नाही.

तिसरा आकडा इंजिन सुरू असताना आणि आमच्या घरी हाच बघायचा राहिला होता. हेडलाइट चालू, अॅक्सिलरेटर मध्यम पिळलेला. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आला तर चार्जिंग ठीक. १३ च्या वर जातच नसेल तर बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाहीये. दोष इंजिनमधल्या कॉइलचा, रेग्युलेटर-रेक्टिफायरचा किंवा मधल्या जळलेल्या कपलरचा असतो. उंदराने वायर कुरतडल्याचीही शक्यता धरा, विशेषतः घरात कापूस साठवलेला असेल तर. उलट आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर वीज आवरत नाहीये. अशा गाडीत बल्ब सारखे उडतात, बॅटरी गरम होऊन फुगते. यातल्या कुठल्याही दोषावर नवी बॅटरी हा उपाय नाही, ती बिचारी फक्त पुढचा बळी असते.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, तरी दोन-चार दिवस उभी राहिली की गाडी बसते? मग उभ्या गाडीत कुणीतरी वीज पितंय. सगळ्यात मोठा संशयित म्हणजे बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म. हिशोब करा. तो २० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. म्हणजे ४ एएचची पूर्ण भरलेली बॅटरी आठ दिवसांत कोरडी. मिस्त्री ही गळती मीटर मायनसच्या वायरमध्ये जोडून मोजतात. तुम्ही स्वतः करणार असाल तर तेव्हा चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

रात्रीचं शेत आणि चार एएचची बॅटरी

शहरातले बहुतेक लेख इथे 'जास्तीचे लाइट लावू नका' असं सांगून मोकळे होतात. वऱ्हाडात हा सल्ला देणं सोपं नाही.

शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला मध्यरात्री ओलीत करायला जावं लागतं. रस्त्यावर अचानक रोही आडवा येतो, रानडुकरांचा कळप येतो. कंपनीचा हेडलाइट अशा वेळी अपुरा पडतो. म्हणून हँडलला किंवा गार्डला दोन एलईडी लाइट लावलेले असतात, ते शौक म्हणून नाही. आणि रात्री दोन वाजता शेतात साप चावला किंवा शॉक बसला तर गाडी पहिल्या बटणात सुरू होणं किती महत्त्वाचं असतं, ते वेगळं सांगायला नको.

पण त्याच लाइटचा हिशोब बघा. २० वॉटचे दोन म्हणजे ४० वॉट. १२ व्होल्टवर ते तीन अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढतात. इंजिन चालू असताना, रस्त्याला गाडी वेगात असताना, जनरेटर ते बहुतांशी भागवतो. शेतात पोहोचल्यावर मात्र इंजिन बंद करून त्याच उजेडात स्टार्टर बघणं, पाइप जोडणं असं अर्धा तास काम केलं की दीड अँपिअर-अवरहून जास्त गेला. चार एएचच्या भांड्यातून जवळजवळ निम्मा. वर परत सेल्फ मारायचा आणि घर दोन किलोमीटरवर. तेवढ्या अंतरात हे भरून निघत नाही. दुसऱ्या रात्री तेच. आठवड्याभरात बॅटरी कायमची अर्धपोटी.

यावर मला व्यवहार्य वाटलेला तोडगा असा की रस्त्यासाठी गाडीचे लाइट, कामासाठी डोक्याला लावायची चार्जिंगची बॅटरी. जास्तीचे लाइट लावायचेच असतील तर वेगळा रिले आणि फ्यूज घालून लावा, आणि वायरिंग अशी करा की चावी बंद झाली की लाइट बंद. थेट बॅटरीवरून घेतलेले लाइट कधीतरी रात्रभर जळत राहतातच. शिवाय आठवड्यातून एकदा तरी गाडीला सलग अर्धा तास रस्त्यावर चालू द्या. वलगाव-अमरावती जाऊन-येऊन झालं तरी बॅटरीला बरंच खायला मिळतं. जागेवर उभी करून पाच मिनिटं इंजिन फिरवण्याचा मात्र जवळपास काही फायदा नाही, कारण कमी आरपीएमवर हेडलाइट आणि पंपच बरीचशी वीज खाऊन टाकतात.

सेल्फ मारतानाही तीन-चार सेकंदांच्या वर बटण दाबून धरू नका. नाही झाली सुरू, तर दहा-पंधरा सेकंद थांबा, मग पुन्हा. सेल्फची मोटर त्या क्षणी कित्येक अँपिअर ओढत असते. सलग दाबून ठेवलं की मोटरही तापते आणि बॅटरीही बसते.

मुलं शिकायला पुण्याला गेली आणि गाडी दोन महिने अंगणात उभी, असं घरोघरी आहे. अशा गाडीची मायनस वायर काढून ठेवा. घड्याळाची वेळ जाईल, बॅटरी राहील.

पाणी कुठलं टाकायचं?

मेंटेनन्स फ्री बॅटरीत कुठलंच नाही. तिची झाकणं उचकटून पाणी भरणारे लोक मी पाहिलेत. ती त्यासाठी बनलेली नाही.

जुन्या पद्धतीच्या, झाकणं असलेल्या बॅटरीत पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये ठेवायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. अॅसिड नाही, कारण उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. आपल्या भागासाठी हे जास्त गंभीर आहे. दर्यापूर, भातकुली ते अकोल्यापर्यंत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. जे पाणी जमिनीला आणि माणसाला सोसत नाही ते शिशाच्या पट्ट्यांना काय सोसणार? त्यातले क्षार आत जाऊन बसतात. आरओच्या कॅनचं पाणीही डिस्टिल्ड नसतं. त्यातही क्षार उरलेले असतात. या बॅटरीला एक बारीक नळी असते, ती चेनवर किंवा सायलेन्सरवर लोंबकळत नाही ना, तेवढं बघा. त्यातून अॅसिडची वाफ बाहेर पडते.

चार्जिंगला टाकली तर

बॅटरी उतरली असेल पण दुसऱ्या आकड्यात नापास नसेल, तर ती चार्ज करून वाचू शकते. नियम सोपा आहे. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करायची. ४ एएच असेल तर ०.४ अँपिअरने, दहा-बारा तास. इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीसोबत लावून 'तासाभरात भरून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. छोट्या बॅटरीत एवढा करंट घातला की ती तापते, पट्ट्या वाकतात. बाहेरून डबा फुगलेला दिसला तर चार्जही करू नका.

चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे खोली हवेशीर हवी आणि जवळ बिडी-काडी नको. अॅसिड डोळ्यात उडालं तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच डॉक्टर. डोळा चोळत बसू नका.

कारवरून जंप देणार असाल तर कारचं इंजिन बंद ठेवूनच द्या. कारची बॅटरीही १२ व्होल्टचीच असते, त्यामुळे तेवढं पुरतं.

आणि खरंच बदलायची वेळ आली, तर

साधारण तीन वर्षं नीट चाललेली बॅटरी वऱ्हाडात गेली तर तक्रार करण्यासारखं फारसं नाही. घेताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेलीच क्षमता घ्या. जागेत बसते म्हणून मोठी बसवली की गाडी आपोआप चांगली होत नाही. डब्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी म्हणजे एक उन्हाळा आधीच खाऊन आलेली बॅटरी. बसवण्याआधी दुकानदारालाच मीटर लावायला सांगा, १२.५ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मागा. समोर अॅसिड भरून देत असेल तर पहिलं चार्जिंग पूर्ण होऊ द्या. 'चालवता चालवता होते चार्ज' हे ऐकून घाईने नेलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण क्षमतेला येत नाही.

वॉरंटी कार्डवर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर तिथेच लिहून घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत दोन टप्पे असतात. पहिल्यात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात किमतीत सूट. दुकानदार 'चार वर्षं वॉरंटी' म्हणाला तर त्यातली फुकटची किती, हे विचारा. बिल नसेल तर हे सगळं हवेत.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, त्याचे पैसे नव्या बिलातून वजा करून घ्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे बघण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याकडे ती गेली की बऱ्याचदा अॅसिड नाल्यात ओतलं जातं आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. आणि देण्याआधी एकदा, शेवटचं, इंजिन चालू करून तिसरा आकडा बघून घ्या. आमची बॅटरी त्या दिवशी तिथूनच वाचली असती.